मोठ्या बाईंचा अंगठा

मंगळवार, ३

अठ्ठावीस. मोठ्या बाई दिवसाला साठ पट्टे करायच्या. हे मालकांनी आज तिसऱ्यांदा ऐकवलं, तेही सगळ्या शिवणाऱ्या बायकांच्या समोर. मला काय दोन डोकी आणि चार हात आहेत? एक पट्टा तपासायचा म्हणजे कोपऱ्यातल्या तुळईच्या आकड्याला टांगायचा, त्याला वाळूच्या दोन गोण्या अडकवायच्या, साठपर्यंत मोजायचं, गोण्या उतरवायच्या, मग एकेक शिवण डोळ्यांखालून घालायची. टाका ताणला असेल तर पट्टा बाद. नसेल तर नंबराच्या पट्टीपाशी हिरव्या दोऱ्याची गाठ. गाठ बसली की तो पट्टा उंच इमारतीवर लटकून रंग देणाऱ्या नाहीतर काचा पुसणाऱ्या माणसाच्या कमरेला जातो. यात घाई कशी करायची ते मालकांनी एकदा स्वतः गोणी उचलून दाखवावं.

पण मोठ्या बाईंना गोणी लागत नव्हती, हेही खरं. एकोणीस वर्षं मी मशीनवर बसून बघितलंय. डोळे मिटायच्या, अंगठा शिवणीवरून सरकवत न्यायच्या, जिथे खोट असेल तिथे अंगठा थांबायचा. पट्टा बाजूला. तोंडातून शब्द नाही. त्या घरी बसल्या आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांचं टेबल मला मिळालं. टेबलाच्या वर भिंतीला त्यांचा फोटो आहे. मान वर केली की त्या, खाली केली की पट्ट्यांचा ढीग.

त्या रोज काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत काहीतरी लिहायच्या. आत काय ते कोणी बघितलं नाही. म्हणून मीही ही वही आणली. माझी शाळा चौथीपर्यंत. काय लिहायचं कळत नाही, तर आजचा राग लिहिला.

तुळईला आकडे पाच आहेत. मी एकच वापरते. बाकीचे चार कोणी आणि कशाला ठोकले कोण जाणे. मागच्या खोलीत वाळूच्या आणखी आठ गोण्या पडल्यात, त्यांच्यावर बसून बायका डबा खातात.

लिहिताना बोटांना मुंग्या येतात. शिवतानाही यायच्या.

गुरुवार, ५

आज दहा पट्टे आधी अंगठ्याने तपासले, मग गोणीने. अंगठ्याला एक खोट सापडली, गोणीला दोन. दुसरी फारच बारीक होती. मोठ्या बाईंनाही सापडली नसती असं लिहिणार होते, पण ते खोटं. त्यांना सापडली असती.

म्हणजे माझंच कुठेतरी कमी पडतंय. त्या चहात साखर घ्यायच्या नाहीत, मी सोडली. त्या डब्याच्या वेळी बोलायच्या नाहीत, मी बोलणं बंद केलं. चष्मेवाली म्हणाली, बाईंना दाढ दुखते वाटतं. सगळ्या फिदीफिदी हसल्या. ही चष्मेवाली बारा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होती, अगं-तुगं करायची. आता मुद्दाम ओढून ‘बाई’ म्हणते.

सोमवार, ९

सकाळी चहाच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि हातात धरून लेकीला कामं सांगत उभी राहिले. ती ओरडली, आई, हात. बघते तर अंगठ्याला टरारून फोड आलेला. लेक म्हणते डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, कष्टाचा हात आहे, लोण्याचा गोळा नाही. तिला सगळ्यात रोग दिसतात.

उलट हात सुधारलाय. तीन दिवस झाले, मुंग्या बंद. हात बसला म्हणायचा.

गुरुवार, १२

मालक आज एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. नेमका तेव्हा माझा अंगठा शिवणीवर होता आणि डोळे मिटलेले. मालक हळूच म्हणाले, बघा, तोच हात. मोठ्या बाईंचाच. मी डोळे उघडले नाहीत, पण कान उघडे होते.

ते गेल्यावर दोन्ही गोण्या पायाने टेबलाखाली ढकलल्या. आजपासून गोणी बंद. तारीख लिहून ठेवते. पुढे कोणी विचारलं की तुम्हाला ही विद्या कधी आली, तर सांगता यावं.

एक्कावन्न झाले. तीन बाद. त्यातल्या दोन पट्ट्यांचे दोरे लोंबत होते, आंधळ्यालाही दिसले असते.

शनिवार, १४

साठ. एकही बाद नाही.

चष्मेवाली आली. तिचं मशीन टाका सोडतंय म्हणे, चार-पाच टाके बरोबर आणि मग एक उडी. दुरुस्तीवाल्याला बोलवा म्हणून तिने मालकांना दोनदा सांगितलं, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात. आता मी सांगावं असं तिचं म्हणणं. मी तिचेच आठ पट्टे घेतले, तिच्यासमोर अंगठा फिरवला. एकालाही खोट लागली नाही. म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं चाललंय. काम नको असेल तर सरळ सांग.

ती दोन पावलं मागे सरकली आणि गेली. मोठ्या बाईंनाही लोक असेच वचकून असायचे.

बुधवार, १८

त्रेसष्ट.

दुपारी एका पट्ट्यावर लाल डाग दिसला. कोणाचं रक्त म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. तर माझंच निघालं. हिरवी गाठ मारताना सुई अंगठ्यात गेली असणार. डाग पुसला, पट्टा पाठवला.

रविवार, २२

धाकटा आला होता. माझा भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, मीच अंगाखांद्यावर खेळवला. उंच इमारतींच्या काचा पुसतो. त्याच्या टोळीला नवीन काम लागलंय, बावीस मजले, सोमवारी ३० तारखेला सुरू. ठेकेदाराने पट्टे आमच्याकडूनच घेतले. धाकट्याने हट्ट धरून सगळ्या आठ जणांना नवे, माझ्या गाठीचे पट्टे घ्यायला लावले.

स्वतःचा पट्टा मला दाखवायला घरी आणला होता. मी डोळे मिटून अंगठा फिरवला. गुळगुळीत, पाण्यावरून हात फिरवावा तसा. हल्ली सगळेच पट्टे असे लागतात. आमच्या बायकांचं काम सुधारलंय हे कबूल करायला हवं.

धाकटा म्हणाला, “ताई, तुझी गाठ असली ना, की मी खाली बघतच नाही.”

मी म्हटलं, खाली बघायचं काय अडलंय, काचेकडे बघ, डाग राहतील. तो हसला. पण मला आतून फार बरं वाटलं. मोठ्या बाईंना असं कोणी म्हणालं असेल का?

मंगळवार, २४

सहासष्ट. मोठ्या बाईंच्या पुढे सहा.

पण दिवस नासला. चष्मेवाली एक पट्टा घेऊन टेबलाशी आली. स्वतःच शिवलेला, मी गाठ मारलेला. म्हणाली, इथे हात लाव. लावला. काही नाही. पुन्हा लाव. पुन्हा काही नाही. मग ती ‘बाई’ विसरली.

“अगं, डोळे उघडून बघ ना एकदा. टाका सुटलाय इथे.”

मी डोळे उघडले नाहीत. मोठ्या बाईंनी कधी उघडले नव्हते. उघडले असते तर सगळ्यांना वाटलं असतं की हिचा स्वतःच्या हातावर भरवसा नाही. पट्टा तसाच गाठीसकट कपाटात ठेवला. ती मशीनवर जाऊन बसली आणि दिवसभर मान वर केली नाही.

संध्याकाळी मालक म्हणाले, पुढच्या महिन्यात तुमचाही फोटो लावू, त्यांच्या शेजारी. मी वर बघितलं. त्यांच्या फोटोशेजारी एक खिळा आधीच ठोकलेला आहे.

उद्या कामावरून सुटल्यावर मोठ्या बाईंकडे जाऊन येते. त्यांना सांगायला हवं. सहासष्ट.

गुरुवार, २६

काल गेले. आज क्रमाने लिहायचं.

मोठ्या बाई मुलाच्या घरी मागच्या खोलीत असतात. एक खाट, एक खिडकी, आणि शिवणाचं मशीन, त्यावर चादर टाकून औषधाच्या बाटल्या मांडलेल्या. फोटोतल्या निम्म्या झाल्यात. मला बघून खूश झाल्या. मी बसायच्या आधीच सहासष्ट सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, “आणि टांगून किती?”

मी म्हटलं, टांगत नाही. तुमच्यासारखंच. अंगठ्याने.

त्यांनी माझा हात मांडीवर घेतला, फोडाचा वण बघितला, आणि म्हणाल्या, खिडकीतून समोरच्या गच्चीवर काय दिसतंय ते सांग. मला वाटलं म्हातारपणी नजर गेली असेल बिचारीची. मी सांगत बसले. दोरीवर दोन चादरी, एक लहान मुलाचा सदरा, पाण्याची टाकी, टाकीवर झाकण नाही.

“आता खाली बघ.”

माझ्या अंगठ्यात सुई उभी होती. पाव सुई आत. रक्ताचा थेंब पार मनगटापर्यंत ओघळला होता आणि मला पत्ता नाही.

त्यांनी सुई काढली, पुसली, उशीत टोचून ठेवली. सगळं सावकाश. मग बोलल्या. त्यांचं बोलणं जसं आठवतं तसं लिहिते. त्या रोज सहाला यायच्या. किल्ली त्यांच्याकडे असायची. आम्ही नऊला यायचो. त्या तीन तासांत आदल्या दिवशीचा सगळा माल एका वेळी पाच याप्रमाणे टांगून व्हायचा. तुळईला पाच आकडे, दहा गोण्या. आकडे त्यांनीच ठोकून घेतले होते. दिवसभर आमच्यासमोर अंगठा फिरायचा तो आधीच तपासलेल्या पट्ट्यांवरून. मालक गिऱ्हाईक आणायचे, गिऱ्हाइकाला ते बघायला आवडायचं. बाद झालेले पट्टे ढिगात कुठे ठेवलेत हे त्यांना ठाऊक असायचं. अंगठा तिथे थांबायचा.

मी विचारलं, मग काळी वही?

खाटेखाली वह्यांचा गठ्ठा होता, त्यातली सगळ्यात जुनी त्यांनी काढून दिली. मला वाटायचं तिच्यात काही ज्ञान असेल. पानोपानी नंबर आणि पुढे दोन-तीनच शब्द. टांगला, धरला. टांगला, धरला. टांगला, सुटला, बाद. सगळी वही तशीच. फक्त पहिल्या पानावर एकच नंबर, आणि त्याच्यापुढे लिहिलंय, अंगठ्याने. बाकी पान कोरं.

तेव्हा त्या खरंच अंगठ्याने तपासायच्या, म्हणाल्या. एकदा माणूस गेला. रंगारी होता. मालकांनी सांगितलं, कुठे बोलायचं नाही, आणि त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सहाला यायला लागल्या.

मला राग आला. मी कधी कोणाचा राग पोटात ठेवला नाही. विचारलं, इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडे देवासारखं बघत होतो, एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?

“एवढ्या उंचावर बसवलंत गं तुम्ही मला. उतरायला शिडी कुठे ठेवलीत?”

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, तू माझ्यासारखी होऊ नकोस. मी जिन्यात उभी राहून अंगठा दाताखाली धरला आणि जोरात चावला. बाकीची बोटं दुखली असती. हा नाही.

आज सहाला कामावर गेले. रखवालदार म्हणाला, अशा वेळी फक्त मोठ्या बाई यायच्या. कपाटात माझ्या गाठीचे चौदा पट्टे शिल्लक होते. मागच्या खोलीतल्या गोण्या फरफटत आणल्या, पाचही आकड्यांना पट्टे टांगले. साठपर्यंत मोजायची गरजच पडली नाही. बावीसला एक सुटला. टाके एकेक करून असे सुटत गेले जसं कोणी आतून ओढतंय, आणि गोणी जमिनीवर आपटली. मंगळवारी चष्मेवालीने हात लावायला सांगितलं होतं, तिथेच.

चौदांपैकी चार गेले. चारही चष्मेवालीच्या मशीनचे.

१२ तारखेपासून कालपर्यंत कामाचे दिवस बारा, गाठी सातशे बारा. चौदा इथे. सहाशे अठ्ठ्याण्णव बाहेर.

मालक दहाला आले. मी सुटलेले चार पट्टे त्यांच्या टेबलावर टाकले आणि सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, चार पट्टे बाद झाले म्हणजे बाहेरचे सगळे वाईट असं नसतं. माल परत बोलावला तर उद्यापासून आपल्याकडून कोण घेणार, या बायका कुठे जाणार. मी म्हटलं, आणि ती माणसं कुठे जाणार? ते म्हणाले, विचार करू.

मी रंगाऱ्याचं विचारलं. त्यांनी खिडकी उघडली, पुन्हा लावली.

“मोठ्या बाईंनी समजूतदारपणा दाखवला होता. त्यांच्या जागेवर बसलाय, तर त्यांच्यासारखं वागा.”

शुक्रवार, २७

सकाळी आधी चष्मेवालीकडे गेले. तिच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केला. तिने माझा अंगठा हातात घेऊन बघितला, म्हणाली, “अगं, कधीपासून?” मी म्हटलं, चहाच्या झाकणापासून. तिने मशीनच्या चाकावरचा पट्टा काढून खिशात घातला. दुरुस्ती होईपर्यंत शिवणार नाही म्हणाली, मग मालक काही का म्हणेनात.

दुपारी धाकट्याला गाठलं. पट्टे आता त्याच्याकडे नाहीत. आठही पट्टे ठेकेदाराने इमारतीच्या तळघरात कुलपात ठेवलेत, सोमवारी सकाळी सात वाजता वाटणार. मी ठेकेदाराकडे गेले. तो म्हणाला, पट्ट्यावर तुमची गाठ आहे, आता तुम्हीच म्हणता गाठ खोटी. उद्या तिसरंच काही म्हणाल. कारखान्याचं सही-शिक्क्याचं पत्र आणा, नाहीतर काम थांबणार नाही.

धाकट्याला म्हटलं, तू सोमवारी जाऊ नकोस. त्याने नकाराची मान हलवली.

“मी नाही गेलो तर माझा पट्टा दुसरा कोणी घालील. बाकीच्यांना काय सांगू, ताई? मीच मागून घेतले होते ना सगळ्यांसाठी.”

लेक म्हणते, मालकांना बोलून उपयोग नाही, लेखी दे. मालक बोललेलं विसरतात, लिहिलेलं विसरता येत नाही. तिने चुका सुधारल्या. शब्द माझेच आहेत. एक प्रत मालकांच्या हातात दिली, चष्मेवाली शेजारी उभी होती. दुसरी ही, इथे उतरवून ठेवते.

मालक,

१२ तारखेपासून २५ तारखेपर्यंत मी एकही पट्टा टांगून तपासला नाही. माझ्या उजव्या अंगठ्याला काही समजत नाही. त्या दिवसांच्या सगळ्या हिरव्या गाठी खोट्या आहेत. मी कोणत्या दिवसापासून टांगणं बंद केलं ते माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिलेलं आहे, ती कोणालाही दाखवीन. चूक माझी आहे, ती मी कबूल करते, माझं नाव घालून पत्र काढा. माझा फोटो लावू नका. लावायचाच असेल तर त्या रंगाऱ्याचा शोधून लावा.

मोठ्या बाई गप्प बसल्या आणि मरेपर्यंत पुरतील एवढे पट्टे टांगत राहिल्या. तुम्ही म्हणालात त्यांच्यासारखं वागा. आजपर्यंत तेच करत होते, म्हणून ही वेळ आली.

सगळे पट्टे परत बोलवा. सगळ्यात आधी बावीस मजल्यांच्या इमारतीवरचे आठ. पत्र काढलंत तर ते मी स्वतः ठेकेदाराकडे पोचवीन. नाही काढलंत तर सोमवारी सकाळी सहा वाजता मी त्या इमारतीच्या दारात उभी असेन, माझी वही, सुटलेले चार पट्टे आणि कापडाची मोठी कात्री घेऊन. दिसेल तो पट्टा कापीन. मग मला पोलीस नेऊ देत नाहीतर तुम्ही.

उद्या शनिवार. संध्याकाळी सहापर्यंत मला लेखी उत्तर हवं. विचार करू असं लिहू नका. हो किंवा नाही, एवढंच लिहा.